आवाज पाच, डोकी तीन

त्या गल्लीत तिला नावाने हाक मारणारं कुणी नव्हतं. दूधवाल्यापासून टपालवाल्यापर्यंत सगळे तिला फौजीणबाई म्हणायचे. नवरा फौजेत म्हणून ती फौजीणबाई. एरवी झुरळ दिसलं तर पदर सावरत खुर्चीवर चढणाऱ्यातली. पुढे केस पिकले, मुलं आपापल्या संसाराला लागली, ती गल्लीही सुटली. तरी तिथलं कुणी रस्त्यात भेटलं की ‘काय फौजीणबाई, ओळखलंत का?’ असंच विचारतं. मग तिला ती दीड वर्षं आठवतात. नवरा सीमेवर आणि घरात ती आणि तीन मुलं, अशी ती दीड वर्षं.

थोरली तेव्हा नऊ वर्षांची, मधला सातचा आणि धाकटी नुकती चार पूर्ण केलेली. घर दोन खोल्यांचं, मागे हातभर गॅलरी. लग्नानंतरचं हे पाचवं घर होतं, पण भिंतीत बिनधास्त खिळे ठोकावेत असं वाटलेलं पहिलंच. थोरलीने तोवर तीन शाळा बदलल्या होत्या. इथे तिला पहिल्यांदाच शाळेच्या फाटकाशी वाट बघत उभी राहणारी मैत्रीण मिळाली होती. त्या एका मैत्रिणीसाठी फौजीणबाई वाटेल ते सोसायला तयार होती.

जायच्या आदल्या दिवशी नवरा ट्रंकेच्या पट्ट्या आवळत म्हणाला, “नळ गळला, वीज गेली, ते चालायचंच. पण पोरांच्या बाबतीत एक जरी मोठी गडबड झाली, तर घर बंद करायचं आणि सरळ दादांकडे राहायला जायचं. मला तिकडे जिवाला घोर नको. कबूल?”

“कबूल. पण गडबड मोठी की छोटी, हे ठरवणार कोण?”

“दादा.”

“म्हणजे निकाल लागलाच की!” ती म्हणाली.

दादा म्हणजे तिचे थोरले दीर. शहराच्या पार दुसऱ्या टोकाला राहायचे. कापडाच्या गिरणीत टाइमकीपर होते. कोण किती वाजता आत शिरला, कोण किती वाजता बाहेर पडला, याची पंचवीस वर्षं नोंद ठेवून त्यांच्या कपाळावर दोन उभ्या आठ्या कायमच्या बसल्या होत्या. मन मात्र मोठं. जाऊबाईंच्या तोंडून तर कधी वाकडा शब्द आला नव्हता. पण तिथे राहायला जायचं म्हणजे मुलांना आणखी एक नवी शाळा, आणि तिने सकाळचा चहा दुसरीच्या स्वयंपाकघरात, डबे कुठे ठेवलेत ते विचारत विचारत करायचा. दोन दिवस पाहुणी होणं वेगळं आणि दीड वर्ष पाहुणी होणं वेगळं.

नवरा गेला आणि घरातल्या वस्तूंना जणू कुणीतरी खबर दिली. तिसऱ्याच दिवशी मोरीतला नळ तिच्या हातात आला. नुसता आला नाही, वर एक कारंजं सोडून आला. ती भोकावर अंगठा दाबून पाऊण तास बसली. थोरली नळवाल्याला आणायला धावली, मधला “आई, आता डावा अंगठा लाव, उजवा दमला असेल” असं मार्गदर्शन करत राहिला आणि धाकटीने कागदाच्या होड्या आणून सोडल्या. नळवाला आला तो दारातच थबकला. म्हणाला, “बाई, बाहेर मीटरजवळ कॉक आहे. तो बंद केला असतात तर...”

“आधी सांगायला काय झालं होतं?” ती चिडून म्हणाली. तो बिचारा तिला आयुष्यात पहिल्यांदा भेटत होता.

पुढच्या महिन्यात कुकरची शिटी उडाली आणि चार बटाटे छताला जाऊन चिकटले. तीन खाली आले, चौथा तिथेच वाळला. त्याचा पिवळट डाग पुढे येणाऱ्याजाणाऱ्यांना दाखवायची एक वस्तू झाली. एकदा ती कपडे वाळत घालायला गॅलरीत गेली आणि धाकटीने आतून कडी लावली. लावता आली, काढता येईना. खिडकीच्या गजांतून फौजीणबाई तासभर शिकवणी घेत होती.

“वर ढकल, राणी. वर.”

“वर म्हणजे कुठे?”

“देव असतो तिकडे.”

धाकटीने छताकडे पाहिलं. “तिकडे बटाटा आहे,” ती म्हणाली.

या सगळ्याचा पत्रांत मागमूस नसायचा. तिने स्वतःशी एक नियम केला होता: वस्तू दुरुस्त होईस्तोवर त्याला लिहायचं नाही, आणि दुरुस्त झाल्यावर एका ओळीपेक्षा जास्त लिहायचं नाही. म्हणून तिची पत्रं अशी असायची, ‘मोरीचा नळ बदलला. नवा छान आहे.’ ‘कुकरला नवी शिटी आणली. छान वाजते.’ ‘गॅलरीची कडी काढून टाकली. तशी ती नकोच होती.’ तिकडून महिन्याने उत्तर यायचं, ‘सगळंच छान आहे हे वाचून बरं वाटलं.’ त्या वाक्यात काहीतरी खुपायचं, पण नेमकं काय ते तिला कळत नसे. ती पत्राची घडी करून डब्यात ठेवी.

आणि होती ती गणती. ही नवऱ्याने घालून दिलेली शिस्त. घराबाहेर पडताना, बसमध्ये चढताना, उतरताना, परत दारात आल्यावर प्रत्येकाने आपापला आकडा मोठ्याने म्हणायचा. बाबा एक, आई दोन, थोरली तीन, मधला चार, धाकटी पाच. गर्दीत मान वळवून बघायला नको, नुसते कान उघडे ठेवले की सगळी आहेत हे कळतं, असं त्याचं म्हणणं. गल्लीतली माणसं हसायची. भाजीवाली तर ती मंडळी येताना दिसली की आपणच सुरू करायची, “एक, दोन, तीन...”

तो गेल्यावर पहिल्याच दिवशी दारात अडचण आली. एक म्हणायला कुणी नाही आणि ‘दोन’पासून सुरुवात करायला धाकटी तयार नाही. ती पायरीवरच बसली. “बाबाशिवाय गणती नाही.” बस चुकायची वेळ झाली. शेवटी तिनेच तोड काढली. उठून उभी राहिली, पोट पुढे काढलं, हनुवटी गळ्यात रुतवली आणि बाबासारखा घोगरा आवाज काढून म्हणाली, “एक!” मग सगळ्यांचं झाल्यावर आपल्या खऱ्या चिमण्या आवाजात, “पाच.” तेव्हापासून तसंच. फौजीणबाईने हरकत घेतली नाही. खरं सांगायचं तर तिलाही तो ‘एक’ ऐकायला आवडायचं. दिवसातून सहा वेळा घरात पुरे पाच आवाज भरायचे.

मधल्याचं तंत्र न्यारं होतं. हा पोरगा कुठेतरी नाक खुपसून असायचा. गटाराच्या झाकणात, शिलाई मशीनच्या चाकात, मुंग्यांच्या रांगेत. त्याचा ‘चार’ कधी वेळेवर यायचा नाही. सगळी त्याच्यासाठी खोळंबायची. मग थोरलीने बहीणपणाने त्याचं काम आपल्या अंगावर घेतलं. “तीन, चार,” असं एका दमात म्हणून मोकळी व्हायची. आईच्या कानांना त्याचीही सवय झाली. सवय अशी झाली की ते दोन आकडे एकाच गळ्यातून येतायत, हे तिच्या ध्यानातही राहिलं नाही.

नवऱ्याला जाऊन आठवा महिना संपत आला होता. शाळा उघडायला चार दिवस राहिले होते आणि तिघांचे पाय सुट्टीत नको तितके वाढले होते. ती सगळ्यांना घेऊन बाजारातल्या चपलांच्या दुकानात गेली. दुकान अरुंद, पण उंच. खोके सगळे वर माळ्यावर. मालक खालून ओरडायचा, “काळा, लेसचा, दोन नंबर!” आणि माळ्याच्या चौकोनी भोकातून एक पांढऱ्या मिशांचे म्हातारेबुवा खोका सोडायचे. मालक न बघता तो झेलायचा. मधला आ वासून वर बघत राहिला. खोके येत होते, जात होते, म्हातारेबुवा कधी नेम चुकत नव्हते.

धाकटीला बूट चावत होते, थोरलीला बक्कलवाले हवे होते, दुकानात आणखी दोन कुटुंबं शिरली होती. फौजीणबाईने तीन खोके एका दोरीत बांधून घेतले, दुसऱ्या हातात छत्री आणि पिशवी धरली आणि म्हणाली, “चला, बस आली. गणती!”

“एक!” घोगरा आवाज.

“दोन,” ती म्हणाली.

“तीन, चार!”

“पाच.”

बसमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. तिला पुढे दाराशी उभं राहायला मिळालं, मुलं मागे बाकांच्या मधे कुठेतरी. पंचवीस मिनिटांनी त्यांचा थांबा आला. खाली उतरून तिने खोके जमिनीवर ठेवले, पाठ सरळ केली आणि बसच्या धुरात डोळे मिटून घेत म्हणाली, “गणती.”

“एक!”

“दोन.”

“तीन, चार!”

“पाच.”

तिने डोळे उघडले. आवाज पाच आले होते. समोर थोरली होती, धाकटी होती आणि ती स्वतः. डोकी तीन. बस वळणावरून दिसेनाशी होत होती.

“हा कुठाय?” तिने विचारलं.

थोरलीने मागे पाहिलं, पुढे पाहिलं आणि तिच्या तोंडावरचा रंगच उडाला. “मला वाटलं तुझ्याजवळ आहे,” ती पुटपुटली. मग अगदी हळू, “चार मी म्हणाले, आई. चढतानापण मीच म्हणाले.”

पुढचं तिला धड आठवत नाही. रिक्षा कुणी थांबवली, पैसे कुणी दिले, काही नाही. आठवतो तो फक्त मांडीवरचा एक खोका. त्याच्या कडेवर दुकानदाराने पेन्सिलीने लिहिलेला मधल्याचा नंबर होता आणि त्यावर ती सारखी अंगठा फिरवत होती. तो बसमध्ये चढला तरी होता का? दुकानात राहिला असेल तर बरं. मधेच उतरला असेल तर? रिक्षा सिग्नलला थांबली की तिला उतरून पळत सुटावंसं वाटायचं. धाकटीला बाकी काही कळत नव्हतं. तिने दोनदा विचारलं, “आपण परत बूट आणायला चाललोय?”

दुकानाच्या दारात एक स्कूटर उभी होती. ती फौजीणबाईने लगेच ओळखली.

आत मधला बूट घालून बघायच्या बाकावर बसला होता. हातात बिस्किट, पायांत कुणातरी पहिलवानाच्या मापाचे गमबूट, गुडघ्याच्या वर आलेले. शेजारी पांढऱ्या मिशांचे म्हातारेबुवा. आणि समोर हेल्मेट बगलेत धरून दादा.

“आई!” मधला म्हणाला. “तू कुठे गेली होतीस? मी वर माळ्यावर होतो. मी तीन खोके टाकले. एक मालकांच्या डोक्यात पडला.”

हरवला होता हे त्याला कुणी सांगितलंच नव्हतं. खाली आल्यावर आई दिसेना, तेव्हा मालकाने विचारलं आणि त्याने घडाघडा एकच फोन नंबर म्हणून दाखवला. घरी फोन नव्हता. बाबाने पाठ करून घेतलेला नंबर दादांचा होता.

तिने मधल्याला उराशी धरलं, मग एक धपाटा घातला, मग परत धरलं. म्हातारेबुवा म्हणाले, “बाई, चूक माझी हो. शिडी धरून वर आला, मला वाटलं तुम्हाला विचारून आलाय. पोरगं गुणी आहे, नेम तेवढा वाईट.”

सगळ्यांना बाहेर काढून, दुकानाच्या पायरीशी आल्यावर दादांनी घसा खाकरला.

“हे बघ, मी रागावत नाही. पण तो काय सांगून गेलाय ते तुलाही ठाऊक आहे. रविवारी टेम्पो घेऊन येतो. सामान आवरून ठेव.”

कबूल ती स्वतःच झाली होती.

पण थोरली मधे पडली. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण आवाज ठाम होता. “आईची चूक नाही, काका. आईने गणती घेतली होती. चार मी म्हणाले.”

“काय चार?”

मग पायरीवरच दादांना गणती समजावून सांगण्यात आली. तिघं एकदम बोलत होती. दादांच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू खोल होत गेल्या.

“म्हणजे खोटी हजेरी!” ते म्हणाले. “अगं, पंचवीस वर्षं मी हेच पकडतोय. एक जण येतो आणि दोघांची हजेरी लावून जातो. माझ्याच घरात?” मग एकदम थांबून त्यांनी विचारलं, “आणि एक कोण?”

धाकटी पुढे झाली. पोट काढलं, हनुवटी रुतवली.

“एक!”

बाजारातल्या त्या कोलाहलात तो आवाज अगदी बापासारखा वाटावा असा नव्हता. चार वर्षांची पोर ती. पण उभं राहण्याची ढब हुबेहूब धाकट्या भावाची होती. दादांनी हेल्मेट या हातातून त्या हातात घेतलं, परत पहिल्या हातात घेतलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला. काच स्वच्छच होती.

“त्याला कळवायला तर हवंच,” ते म्हणाले. “तू लिहितेस की मी लिहू?”

“मी लिहिते,” ती म्हणाली. “सगळं लिहिते. त्याचं उत्तर येईपर्यंत टेम्पो सांगू नका, दादा. तो ‘जा’ म्हणाला, तर एका शब्दाने वाद घालणार नाही.”

“सगळं म्हणजे सगळं?”

“शप्पथ.”

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, मुलं शेजारी खेळायला गेल्यावर, ती पोळपाट बाजूला सारून ओट्यापाशीच लिहायला बसली. सुरुवात बसपासून केली. पण लिहिता लिहिता तिला थांबताच येईना. अंगठा कसा बधिर झाला, बटाटा कसा चिकटला, देव असतो तिकडे बटाटा आहे. रात्री तीन वेळा कडी बघून येते. थोरली तिच्यासमोर रडत नाही, मोरीत जाऊन रडते. धाकटी तुझा आवाज काढते आणि मी तिला काढू देते, कारण मलाही हवा असतो. अकरा पानं झाली. पाकिटाला दोन जादा तिकिटं लागली.

उत्तर यायला तेवीस दिवस लागले. ते तेवीस दिवस तिने घरातली एकही वस्तू हलवली नाही, आणि नवी एकही आणली नाही. थोरलीचं शाळेत नाव होतं, पण वह्यांना कव्हरं घातली नव्हती. कुणी बोललं नाही, तरी मुलांना सगळं कळत होतं. मधला आता स्वतःचा ‘चार’ इतक्या जोरात ओरडायचा की समोरच्या घरातलं कुत्रं भुंकायला लागायचं.

पत्र आलं त्या दिवशी ते तिने फोडलं नाही. निरोप पाठवून दादांना बोलावलं आणि त्यांच्यासमोर फोडलं. वाचायलाही दादांच्याच हातात दिलं.

दादा हजेरी वाचावी तसे वाचायचे, एकेक शब्द सुटा सुटा.

‘तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा, पोरगा सापडल्याचं वाक्य येईपर्यंत नुसती पानं उलटत गेलो. दुसऱ्यांदा वाचताना इतका हसलो की शेजारच्या खाटेवरचा उठून बसला, मग त्यालाही वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा लक्षात आलं की इथे आल्यापासून घरचं म्हणावं असं हे पहिलंच पत्र. बाकी सगळ्यांत नुसतं छान होतं. नळ छान, शिटी छान. वाचून वाटायचं, माझ्यावाचून काही अडत नाही, तर मी परत यायचं ते कुठे? दादांना सांग, निकाल त्यांच्या हातात दिला होता, तो परत घेतो. तुम्ही हलायचं नाही. पण यापुढे वस्तू मोडली की मोडलेलीच कळव. आणि कुणी कुणाचा आकडा म्हणायचा नाही. माझासुद्धा.’

दादांनी कागदाची घडी घातली. थोरली उठून आतल्या खोलीत गेली आणि वह्यांची कव्हरं कापायला बसली. कात्रीचा आवाज बाहेर येत होता.

धाकटीचा चेहरा मात्र उतरला होता. “माझासुद्धा म्हणजे?”

“म्हणजे बाबाचा एक तू नाही म्हणायचा,” मधल्याने समजावलं.

“मग बाबा गणतीत नाही?” तिचे ओठ थरथरायला लागले. फौजीणबाई आपल्या पदराशी चाळा करत राहिली.

दादाच खुर्चीतून उठले आणि गुडघ्यांचा करकर आवाज करत धाकटीसमोर खाली बसले.

“इकडे बघ. आमच्या हजेरीपटात रिकामा चौकोन कुणाचाच सोडत नाहीत. घरी बसलाय, त्याचा भोपळा काढतात. पण माणूस गिरणीच्याच कामाने बाहेरगावी गेला असेल, तर भोपळा नाही. त्याच्या चौकोनात अशी आडवी रेघ ओढतात.” त्यांनी बोटाने हवेत एक सरळ रेघ ओढली. “याचा अर्थ काय, की हा आमचाच आहे, कामावर आहे, नाव काढायचं नाही. ती रेघ मारायला फार जबाबदार माणूस लागतो. मी दुसऱ्या कुणाला मारू देत नाही.”

धाकटीने डोळे पुसले. “बोलायचं नाही?”

“रेघेला आवाज नसतो.”

तिने बोट वर केलं आणि अगदी काळजीपूर्वक, जीभ ओठांवर दाबून, हवेत एक रेघ ओढली. दादांनी मान तिरकी करून ती तपासली आणि म्हणाले, “चालेल.”

पुढचे दहा महिने गणती तशीच झाली. दारात, थांब्यावर, बसच्या पायरीशी आधी सगळी गप्प उभी राहायची. धाकटी बोट वर करायची. मग “दोन”, “तीन”, समोरच्या कुत्र्याला उठवणारा “चार!” आणि “पाच”. बसच्या कंडक्टरलाही ते माहीत झालं होतं. घंटीच्या दोरीवर हात ठेवून तो तिच्या बोटाकडे बघत थांबायचा.

रेघ रोज सारखी नसायची. एखाद्या दिवशी घाईघाईत बोटभर. एखाद्या दिवशी मात्र ती दाराच्या चौकटीपासून सुरू करायची आणि हात पुरेना म्हणून चालत चालत, भिंतीच्या कडेकडेने, पार फाटकापर्यंत ओढत न्यायची. त्या दिवशी बस सुटली तरी फौजीणबाई तिला घाई करत नसे. खोळंबलेली दोन मुलं घेऊन, हातात कुलूप धरून, ती रेघ संपायची वाट बघत उभी राहायची.